अगदी, ऐन, पार आणि ‘च’: इंग्रजी प्रीपोझिशनच्या आधी काय बसतं?

प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीचं काम बघणाऱ्या तरुणाचा आहे. परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहिताना त्यानं ‘द क्रॅक इज व्हेरी बिलो द फ्लँज’ असं लिहिलं (फ्लँज म्हणजे भागाची बाहेर आलेली कड). साहेबांनी ‘व्हेरी’ खोडून तिथं ‘वेल’ केलं. कारण विचारलं, तर ‘असंच म्हणतात’ एवढंच उत्तर मिळालं. त्याचं म्हणणं असं, की व्याकरणाच्या पुस्तकात अ‍ॅडव्हर्बचा धडा वेगळा आणि प्रीपोझिशनचा वेगळा असतो. दोन्ही एकत्र आल्यावर काय करायचं ते कुणी सांगतच नाही. शिवाय ‘ओन्ली’ नक्की कुठं ठेवायचा, हेही त्याला हवंय.

साहेबांची दुरुस्ती बरोबर आहे. कारणही आहे, आणि ते मराठीतूनच चांगलं दिसतं.

मी गेली सव्वीस वर्षं कोल्हापुरात इंग्रजी शिकवतोय. आधी कॉलेजची पोरं होती, आता बरेचसे कारखान्यांतले लोक येतात. सुरुवातीची काही वर्षं मीही हे दोन धडे वेगवेगळेच शिकवले. पोरं दोन्ही धड्यांत पैकीच्या पैकी मार्क घ्यायची आणि वर्गाबाहेर पडल्यावर ‘बिफोर टू डेज आय वेंट टू होम’ म्हणायची. त्या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही या दोन धड्यांच्या मधल्या फटीतून आल्यात. त्यांच्याकडे येतोच.

आधी मराठी. ‘शिवाजी पुलाच्या अगदी खाली’ असं आपण म्हणतो. यातलं ‘अगदी’ कुणाला चिकटलंय? पुलाला नाही, ‘खाली’ला. पूल काही अगदी नसतो. खाली असणं अगदी असतं. इंग्रजीत हेच ‘राइट अंडर शिवाजी ब्रिज’ होतं. ‘राइट अंडर’ म्हणजे आपलं ‘अगदी खाली’. ही जोडी दोन्ही भाषांत त्याच क्रमानं येते. आपण पूल आधी सांगतो आणि इंग्रज नंतर सांगतो, एवढाच फरक. म्हणजे भाषांतर करताना पूल तेवढा उचलून पलीकडे ठेवायचा, ‘अगदी खाली’ला हात लावायचा नाही.

‘तपासणीच्या दोन दिवस आधी’ घ्या. तपासणी उचलून पलीकडे ठेवली की राहतं ‘दोन दिवस आधी’, आणि मिळतं ‘टू डेज बिफोर द इन्स्पेक्शन’. ‘नदीच्या बरोबर पलीकडे’ घ्या, ‘डायरेक्टली अक्रॉस द रिव्हर’. ‘डोक्याच्या बरंच वर’ घ्या, ‘वेल अबव्ह द हेड’.

गडबड होते ती मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून एक शब्द होतो तेव्हा. ‘पुलाखाली’ म्हटलं की ‘अगदी’ला मध्ये जागाच उरत नाही, तो पुढे सरकतो: ‘अगदी पुलाखाली’. ‘दोन दिवसांपूर्वी’चंही तेच. तिथं ‘पूर्वी’ थेट दिवसांनाच चिकटलाय, म्हणून पोरगं शब्दाला शब्द लावतं आणि ‘बिफोर टू डेज’ म्हणतं. इंग्रजी कानाला ते तुटल्यासारखं वाटतं, कारण ‘बिफोर’नंतर कशाच्या आधी ते हवं असतं, किती आधी ते नाही. किती ते ‘बिफोर’च्या अगोदर सांगायचं. आणि ‘आजपासून मागं’ एवढंच म्हणायचं असेल, तर ‘बिफोर’ नकोच, ‘टू डेज अगो’ म्हणायचं. ‘अगो’ हा इंग्रजीतला जवळजवळ मराठी वळणाचा शब्द आहे. तो मापाच्या मागं येतो, आपल्या ‘पूर्वी’सारखाच. तरी आपली पोरं नेमकी तिथंच चुकतात.

आता ‘व्हेरी’. मराठीत ‘खूप’ला कुठंही बसवता येतं. खूप मोठा, खूप हळू, खूप खाली, खूप आधी, एकच शब्द सगळीकडे चालतो. इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली आहेत. ‘व्हेरी’ गुण मोजतो: व्हेरी टॉल, व्हेरी स्लोली. ‘बिलो’, ‘अबव्ह’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’ हे गुण नाहीत, अंतरं आहेत. एखादी गोष्ट दुसरीपासून कुठल्या बाजूला आहे, हे ते सांगतात. अंतराला माप लागतं, आणि मापाचे शब्द वेगळे आहेत. बरंच असेल तर ‘वेल’ किंवा ‘फार’, थोडं असेल तर ‘जस्ट’ किंवा ‘स्लाइटली’, मध्ये काहीच नसेल तर ‘राइट’ किंवा ‘इमिजिएटली’, सरळ रेषेत असेल तर ‘डायरेक्टली’. बोलण्यात ‘वे अबव्ह’ ऐकाल, पण मेलमध्ये ते नको.

याला अपवाद आहेत. ‘निअर’ आणि ‘क्लोज टू’ प्रीपोझिशनचं काम करतात, पण ‘जवळ’ असणं इंग्रजांना अजून गुणासारखं वाटतं, म्हणून ‘व्हेरी निअर द बस स्टँड’ चालतं. दुसरा अपवाद म्हणजे रुळून रुळून विशेषण होऊन बसलेले शब्दगट. ‘आउट ऑफ डेट’ दिसायला प्रीपोझिशनचं आहे, पण अर्थ सरळ ‘जुनाट’, तेव्हा ‘व्हेरी आउट ऑफ डेट’ म्हटलेलं खपतं. ‘इन डिमांड’च्या आधी मात्र नुसतं ‘व्हेरी’ नाही, ‘व्हेरी मच इन डिमांड’.

मापाचे शब्द कसे चालतात, हे मी वर्गात पंचगंगेवर शिकवतो. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडे पोरासोरांना तोंडपाठ असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आता पाणी ३० फुटांवर आहे, तर नदी ‘वेल बिलो द डेंजर मार्क’. साडेबेचाळीसला आली की ‘जस्ट बिलो’. बरोबर त्रेचाळीसला ‘राइट अ‍ॅट द डेंजर मार्क’, आणि जरा ओलांडलं की ‘जस्ट अबव्ह’. मागं २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक कैक दिवस बंद पडली, तेव्हा ‘वेल अबव्ह’ही तोकडं होतं, ‘फार अबव्ह’ म्हणायला हवं. हा धडा कुणी विसरत नाही. ज्याच्या घरात पाणी शिरलं, त्याला ‘जस्ट बिलो’ आणि ‘जस्ट अबव्ह’मधला फरक पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

यातला ‘जस्ट’ मात्र दगा देतो. आपल्याकडे ‘जस्ट’चा अर्थ ‘फक्त’, ‘आत्ताच’, ‘बरोबर’ असा काहीही होतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं गिऱ्हाइकाला कळवलं होतं, ‘द बोअर इज जस्ट विदिन टॉलरन्स’ (बोअर म्हणजे भागातलं भोक, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक). त्याला म्हणायचं होतं ‘बरोबर टॉलरन्समध्ये आहे, काळजी नको’. वाचणाऱ्यानं वाचलं ‘जेमतेम टॉलरन्समध्ये आहे’. दुसऱ्या दिवशी समोरून मागणी आली, की पूर्ण लॉटचे मोजमापाचे रिपोर्ट पाठवा. माल चांगला होता, बोअर अगदी मध्यावर होतं. ‘वेल विदिन टॉलरन्स’ लिहिलं असतं तर त्याचे चार दिवस वाचले असते. ‘जस्ट विदिन’ म्हणजे कडेवर, ‘वेल विदिन’ म्हणजे निर्धास्त. फाउंड्रीवाल्यांनी ही जोडी भिंतीवर लिहून ठेवावी असं माझं मत आहे.

‘जस्ट बिलो’ आणि ‘डायरेक्टली बिलो’ यांतही असाच फरक आहे, आणि तुझ्या क्रॅकच्या बाबतीत तो कामाचा आहे. ‘जस्ट बिलो द फ्लँज’ म्हणजे फ्लँजच्या थोडंसं खाली. ‘डायरेक्टली बिलो’ म्हणजे सरळ उभ्या रेषेत खाली, मग अंतर कितीही असो. ‘इमिजिएटली बिलो’ म्हणजे लगेच खाली, मध्ये दुसरं काही नाही. ‘राइट बिलो’ या शेवटच्या दोन्हींसारखं वागतं, पण ते बोलण्यातलं आहे. तांत्रिक मेलमध्ये मी ‘राइट’ आणि ‘स्ट्रेट’ टाळतो आणि ‘इमिजिएटली’, ‘डायरेक्टली’ वापरतो. फोनवर उलट करतो.

वेळेचंही तसंच. ‘राइट आफ्टर लंच’ म्हणजे जेवण झाल्या झाल्या. ‘जस्ट आफ्टर लंच’ म्हणजे जेवणानंतर थोड्या वेळानं. ‘शॉर्टली आफ्टर’ हे त्याचंच नीटनेटकं लिखित रूप. ‘लाँग आफ्टर मिडनाइट’ म्हणजे मध्यरात्र उलटून बराच वेळ झाल्यावर. ‘वेल बिफोर द डेडलाइन’ हे गिऱ्हाइकाला कळवण्यासारखं सगळ्यात गोड वाक्य, पण खरं असेल तरच लिहावं.

मराठीत मापाच्या शब्दांचा खजिना मोठा आहे, आणि काही शब्दांना इंग्रजीत जोड सापडते तर काहींना नाही. ‘पार’ बघा. ‘पार कागलपर्यंत ट्रॅफिक’ म्हणजे ‘ट्रॅफिक ऑल द वे टू कागल’. ‘पार नाकापर्यंत’ म्हणजे ‘राइट अप टू द नोज’. ‘थेट’ला ‘स्ट्रेट’ बसतो: स्टेशनवरून थेट देवळात, ‘स्ट्रेट फ्रॉम द स्टेशन टू द टेम्पल’. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव सांगायचा तर दोन्ही लागतात. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, ‘स्ट्रेट थ्रू महाद्वार’. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, आणि तिसऱ्या दिवशी हवा साफ असेल तर पार मुखापर्यंत, ‘राइट अप टू द फेस’. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे इंग्रजीत सांगताना नुसतं ‘टू द फेस’ म्हणून बघा, सांगण्यातली सगळी चढण निघून जाते.

‘ऐन’ला ‘राइट इन द मिडल ऑफ’ चालतं: ऐन दिवाळीत, ‘राइट इन द मिडल ऑफ दिवाळी’. ‘ऐन वेळी’ला मात्र ‘अ‍ॅट द लास्ट मोमेंट’. आणि ‘भर’? ‘भर दिवसा’ला ‘इन ब्रॉड डेलाइट’ असं विशेषण घालून काम भागवतात. ‘भर उन्हात’ला ‘आउट इन द हॉट सन’. पण ‘भर चौकात शिव्या घातल्या’ यातला ‘भर’ नुसतं ठिकाण मोजत नाही, बघणाऱ्यांसमोरची लाजही मोजतो. ‘राइट इन द मिडल ऑफ बिंदू चौक’ म्हटलं की जागा आली, लाज राहिली. मग ‘इन फ्रंट ऑफ एव्हरीवन’ वेगळं जोडावं लागतं.

जोडलंच आहे तर सांगतो: ‘समोर’साठी सारखं ‘इन फ्रंट ऑफ’ वापरू नका. रस्त्याच्या पलीकडचं समोर असेल तर ‘ऑपोझिट’, आणि बरोबर समोर असेल तर ‘डायरेक्टली ऑपोझिट’. ‘माय हाउस इज जस्ट इन फ्रंट ऑफ द टॉकीज’ ऐकून परका माणूस टॉकीजच्याच फूटपाथवर तुमचं घर शोधत बसेल.

आता ‘च’, म्हणजे तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझ्या मते मराठी माणसाच्या इंग्रजीतली सगळ्यात जुनी गाठ इथं आहे.

‘तो बिंदू चौकातच उभा होता.’ या ‘च’चे दोन अर्थ होतात. एक, दुसरीकडे कुठं नाही, फक्त तिथं. दोन, जवळपास कुठं नाही, नेमका तिथं. मराठीला हे वेगळं करायची गरज वाटत नाही, आवाजावरून आणि संदर्भावरून कळतं. इंग्रजीला वाटते. पहिल्यासाठी ‘ओन्ली’, दुसऱ्यासाठी ‘राइट’. आपण मात्र दोन्हीकडे ‘ओन्ली’ लावतो, आणि तोही मराठी ‘च’सारखा शेवटी. ‘ही इज हिअर ओन्ली’, ‘आय वॉज इन कोल्हापूर ओन्ली’, ‘ऑफिस इज ऑन फर्स्ट फ्लोअर ओन्ली’. देशात सगळे हे समजून घेतात, आणि मला त्यात फार पाप दिसत नाही. पण परदेशी वाचकाला ‘द पार्ट इज इन बॉक्स नंबर फोर ओन्ली’ वाचून वाटतं, की बाकी खोक्यांत नाही, काहीतरी राहिलं. तुम्हाला म्हणायचं असतं, ‘चार नंबरच्या खोक्यातच तर आहे, बघा की नीट.’ तिथं ‘राइट देअर इन बॉक्स नंबर फोर’ हवं.

म्हणून सवय लावायची ती ही: ‘च’ आला की स्वतःला विचारायचं, ‘फक्त’ की ‘नेमका’? ‘फक्त’ असेल तर ‘ओन्ली’, ‘नेमका’ असेल तर ‘राइट’ किंवा ‘एक्झॅक्टली’. ‘इथंच’ला शंभरातल्या नव्वद वेळा ‘राइट हिअर’ लागतं.

‘ओन्ली’ घ्यायचं ठरलं की जागेचा प्रश्न येतो. लिखाणात तो ज्याच्यावर जोर आहे त्याच्या लगेच आधी ठेवावा. तीन वाक्यं बघा. ‘ओन्ली द सॅम्पल्स वेअर चेक्ड अ‍ॅट शिरोली’, म्हणजे शिरोलीत फक्त सॅम्पलच तपासले, लॉट नाही. ‘द सॅम्पल्स वेअर ओन्ली चेक्ड अ‍ॅट शिरोली’, म्हणजे शिरोलीत नुसते तपासले, बनवले दुसरीकडे. ‘द सॅम्पल्स वेअर चेक्ड ओन्ली अ‍ॅट शिरोली’, म्हणजे तपासणी शिरोलीतच झाली, दुसरीकडे नाही. शब्द तेच, पण भांडण लागलं तर तिन्हींचे अर्थ वेगळे. बोलताना इंग्रज स्वतः मधला ‘ओन्ली’ कशासाठीही वापरतात आणि आवाजानं जोर देऊन अर्थ वेगळा करतात. मेलला आवाज नसतो.

एक अवघड पण देखणी रचना आहे. ‘ओन्ली आफ्टर इन्स्पेक्शन’ वाक्याच्या सुरुवातीला आणला की पुढं क्रम उलटतो: ‘ओन्ली आफ्टर इन्स्पेक्शन डू वुई डिस्पॅच’. प्रश्नासारखं दिसतं, पण प्रश्न नाही. मराठीत ‘तपासणी झाल्यावरच आम्ही माल पाठवतो’ म्हणताना ‘च’वर जो दाब पडतो, तो इंग्रजीनं क्रम उलटून आणलाय. वर्षातून दोनदा वापरा. रोज वापरलंत तर नोटीस वाचल्यासारखं वाटेल.

‘सुद्धा’ आणि ‘ही’चं लवकर उरकतो. ‘उन्हाळ्यातसुद्धा’, ‘इव्हन इन समर’. आपला शेवटी, त्यांचा आधी. ‘पुण्यातही शाखा आहे’ यात आश्चर्य नसेल तर ‘इव्हन’ नको, ‘इन पुणे टू’ म्हणा. ‘इव्हन’ म्हणजे ‘काय सांगताय, तिथंसुद्धा?’

पुढचा प्रकार तुला न विचारताही लागणार आहे, कारण तो मेलमध्ये रोज येतो. क्रियापद, मग अ‍ॅडव्हर्ब, मग प्रीपोझिशन: ‘इट डिपेंड्स एन्टायरली ऑन द ग्रेड’, ‘वुई लुक्ड केअरफुली अ‍ॅट द सरफेस’, ‘द लॉट कन्सिस्ट्स मेनली ऑफ हाउझिंग्ज’. इथं अ‍ॅडव्हर्ब क्रियापद आणि प्रीपोझिशन यांच्या मध्ये बिनधास्त बसतो. पण प्रीपोझिशन नसेल आणि क्रियापदाला थेट कर्म असेल, तर मध्ये शिरायला बंदी. ‘वुई चेक्ड केअरफुली द सरफेस’ हे चुकीचं, ‘वुई चेक्ड द सरफेस केअरफुली’ हे बरोबर. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं थेट कर्म म्हणजे गाय आणि वासरू, मध्ये कुणाला येऊ देत नाहीत. प्रीपोझिशन मध्ये आली की दावं आपोआप लांब होतं. कर्म फार लांबलचक असेल तेव्हा इंग्रज स्वतः हा नियम मोडतात, पण ते नंतरचं.

आता माझा आवडता प्रकार, ज्यात कोल्हापूरच्या माणसाला इंग्रजांपेक्षा काही कमी कळत नाही. आपण म्हणतो ‘खाली कोकणात’, ‘वर पन्हाळ्यावर’, ‘बाहेर हायवेला’, ‘आत गावात’, ‘तिकडं गारगोटीला’, ‘मागं २०१९ ला’. आधी दिशा, मग जागा. इंग्रजीत हुबेहूब हेच: ‘डाउन इन कोकण’, ‘अप अ‍ॅट पन्हाळा’, ‘आउट ऑन द हायवे’, ‘ओव्हर इन गारगोटी’, ‘बॅक इन २०१९’. दिशेचा शब्द काढला तरी माहिती तीच राहते, पण बोलणारा कुठं उभा आहे ते कळत नाही. आपण घाटावर आहोत म्हणून कोकण आपल्याला खाली. रत्नागिरीकर आपल्याबद्दल ‘वर घाटावर’ म्हणतो. इंग्रजही असाच बोलतो, आणि लंडनला तर बरेचदा ‘अप टू लंडन’ जातो, चढ असो नसो. मान लागतो ना राजधानीला.

पोरं हे इंग्रजीत वापरतच नाहीत, कारण त्यांना ‘अप’ आणि ‘अ‍ॅट’ अशी दोन प्रीपोझिशन शेजारी आल्यासारखी वाटतात आणि एक तरी चुकीची असणार असं वाटतं. चूक नाही. पहिला शब्द दिशा देतो, दुसरा जागा धरतो. फक्त ‘अप टू’ जपून वापरा, त्याचा ‘पर्यंत’ असाही अर्थ होतो. आणि ‘रिटर्न’च्या पुढं ‘बॅक’ नको, ‘रिटर्न’मध्येच परत येणं आहे.

आता सुरुवातीच्या वाक्यातली दुसरी चूक, ‘टू होम’. ‘घरी’मध्ये विभक्ती दिसते, म्हणून आपण ‘टू’ लावतो. इंग्रजीत ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’, ‘अपस्टेअर्स’, ‘अब्रॉड’ या शब्दांत ती आधीच मुरलेली आहे. ‘स्ट्रेट होम’, ‘राइट हिअर’, ‘बॅक अपस्टेअर्स’. शाळेत यांना अ‍ॅडव्हर्ब म्हणतात. पण मापाचे शब्द यांनाही तसेच लागतात, जसे ‘बिलो द फ्लँज’ला लागतात. ‘व्हेरी होम’ नाही होत, ‘राइट होम’ होतं. म्हणून बरेच भाषाशास्त्रज्ञ यांना नाम न घेणारी प्रीपोझिशनच मानतात. येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञानं १९२४ सालीच मांडलं होतं, की अ‍ॅडव्हर्ब आणि प्रीपोझिशन या भिंती कृत्रिम आहेत. आपल्याला हे ऐकून धक्का बसायचं कारण नाही. ‘तो पुढे गेला’ यात ‘पुढे’ क्रियाविशेषण आणि ‘घरापुढे झाड आहे’ यात तोच शब्दयोगी, हे आपण सातवी-आठवीतच शिकलोय. शब्द एकच, शेजारी नाम आलं की नाव बदलतं.

याच घरातली आणखी एक जोडी: ‘लुक फॉरवर्ड टू’. ‘फॉरवर्ड’ अ‍ॅडव्हर्ब, ‘टू’ प्रीपोझिशन. हा ‘टू’ प्रीपोझिशन आहे हे विसरल्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या कितीतरी मेल ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’नं संपतात. ‘हिअरिंग’ हवं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ म्हटलं की नाम आलं, चूक होण्याची शक्यताच संपली. मी नवख्यांना दुसरंच वापरायला सांगतो.

सगळं वाक्यात बसवताना क्रम कसा ठेवायचा? ‘माल सोमवारी बंदरात सुखरूप पोचला’ हे शेवटाकडून उलटं वाचा: पोचला, सुखरूप, बंदरात, सोमवारी. ‘द शिपमेंट अराइव्ह्ड सेफली अ‍ॅट द पोर्ट ऑन मंडे’. मराठी वाक्य उलटं वाचून इंग्रजी तयार होण्याचे इतके स्वच्छ प्रसंग कमी येतात, तेव्हा आले की वापरून घ्यावेत. वेळेवर जोर द्यायचा असेल तर ‘ऑन मंडे’ उचलून सुरुवातीला ठेवा, कुणी अडवत नाही.

आता तुझा मेल. साहेबांचा ‘वेल बिलो’ भाषेच्या दृष्टीनं चोख आहे, पण गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न ‘बरंच म्हणजे किती?’ हाच असणार. वर पाहिलंस, की मापाच्या जागी आकडाही तसाच बसतो, जसा ‘टू डेज बिफोर’मध्ये बसला. तू मोजलंच असशील. समजा बारा मिलिमीटर आलं, तर मी असं लिहीन: ‘द क्रॅक इज ट्वेल्व्ह मिलिमीटर्स बिलो द फ्लँज, वेल अवे फ्रॉम द मशीन्ड फेस. वुई फाउंड इट ओन्ली इन धिस कास्टिंग. अ फुल रिपोर्ट विल फॉलो शॉर्टली आफ्टर द सेकंड इन्स्पेक्शन.’ मधलं वाक्य लिहिण्याआधी बाकीची कास्टिंग्ज खरंच तपासून घे. ‘ओन्ली इन धिस कास्टिंग’ म्हणजे दुसऱ्या एकाही कास्टिंगमध्ये नाही, असं तू लिहून देतोयस.